पाणी कुठं चाललंय? सहलप्रमुखांना एक खुलं पत्र

प्रति,
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या शाळांचे सर्व सहलप्रमुख सर, मॅडम, गुरुजी आणि बाई यांना,



दिवाळीची सुट्टी संपली की शिक्षक-खोलीत सहलीचा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतंच, "यंदा कोकण करू." बरोबरच आहे. वेरूळ, दौलताबाद, बीबी का मकबरा, पैठण हे आपल्या मुलांच्या अंगणातलं. शिर्डी-शनिशिंगणापूर आईवडिलांबरोबर झालेलं असतं. समुद्र तेवढा राहिलेला असतो. मग कागद पुढं ओढला जातो: रायगड, जंजिरा, काशीद, अलिबाग, येताना पुणे. दोन रात्री, तीन दिवस, एसटीच्या दोन गाड्या.

मी या जिल्ह्यात भूगोल शिकवला आणि निवृत्त होईपर्यंत तुमच्याच जागेवर होते. हातात हजेरीचा कागद, गळ्यात शिट्टी, पर्समध्ये उलटीच्या गोळ्या. तेव्हा हे पत्र म्हणजे वरून आलेलं परिपत्रक नव्हे. रात्रभर बसमध्ये बसून पाय सुजलेल्या बाईनं दुसऱ्या तशाच बाईला सांगावं, तसं ते वाचा.

आधीच सांगते, समुद्रावर जाऊ नका असं मी म्हणणार नाही. आपल्या मुलांना समुद्र पहिल्यांदा दिसतो तो क्षण मी पाहिलाय. रात्रभर गाणी म्हणून घसे बसलेली बस एका वळणावर गप्प होते. एकदा पैठणकडचा एक मुलगा खिडकीला नाक लावून बराच वेळ बघत बसला आणि मग त्यानं विचारलं, "बाई, ह्याला दरवाजे किती?" जायकवाडी धरणाला २७ आहेत हे त्याला पाठ होतं. एवढं पाणी अडवायला किती लागत असतील, हा त्याचा हिशेब चालू होता. सगळी बस हसली. मीही हसले, आणि पुढं कित्येक वर्षं तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. कारण आपली गोम तिथंच आहे. आपल्याला पाणी माहीत आहे ते अडवलेलं.

आपण पोहायला शिकतो ते विहिरीत. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा, काठावर मामा, आणि एक धक्का. विहीर कशी असते? खोल असते, पण जागच्या जागी असते. जायकवाडीचा नाथसागर केवढाही मोठा असला तरी काठाचं पाणी दुपारी जिथं होतं तिथंच संध्याकाळी असतं. म्हणून पाणी दिसलं की आपल्या तोंडून आपोआप एकच प्रश्न येतो: किती खोल आहे? कमरेएवढं आहे म्हटलं की आपण निर्धास्त. समुद्राच्या काठी हा प्रश्न निरुपयोगी नाही, पण तो दुसरा. पहिला प्रश्न असा की पाणी कुठं चाललंय?

आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र शंभर किलोमीटरही नसेल. पण ती त्याच्याकडे पाठ फिरवून आपल्याकडे येते आणि आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. आपण त्या समुद्राकडे पाठ फिरवलेल्या बाजूची माणसं. कोकणातल्या माणसाला पाण्याबद्दल जे न शिकवता कळतं, ते आपल्याला शिकावं लागतं, एवढंच.

आता नको वाटणारा भाग लिहिते आणि पुढं जाते. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ ला मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण गेले. आणि जानेवारी २०२३ मध्ये काशीदला दोन शाळकरी मुलं गेली, ती आपल्या जिल्ह्यातल्या कन्नडची होती. तुमच्यापैकी काहींनी ती बातमी कळल्यावर आपल्या मोबाइलमधले स्वतःच्या सहलीचे फोटो उघडून पाहिले असतील. मी पाहिले. एका फोटोत माझी साठ मुलं काशीदला पाण्यात उभी आहेत, काही कमरेपर्यंत. मी काठावर चपला राखत बसले आहे आणि हसते आहे.

या तिन्ही ठिकाणी शिक्षक निष्काळजीच होते, असं मी म्हणणार नाही. मला ते माहीत नाही, आणि मीही तशीच उभी होते. पण मुरूडचा किनारा ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल, तो रौद्र वगैरे मुळीच वाटत नाही. गावाला लागून असलेली वाळू, नारळाची रांग, समोर पाण्यात पद्मदुर्ग. फेब्रुवारीतला समुद्र तर आणखी शहाणा दिसतो. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रात कुणी शाळा उतरवत नाही. आपण जातो ते डिसेंबर-जानेवारीत, आणि तेव्हा भीती वाटावी असं समोर काही नसतं.

म्हणून मी नेहमी म्हणते, मोठ्या, गजबजलेल्या किनाऱ्यापेक्षा गावाच्या कुशीतली छोटी पुळण बघा. कोकणात वाळूच्या किनाऱ्याला पुळण म्हणतात. गणपतीपुळ्यातलं पुळं तेच. दोन्ही बाजूंना डोंगराचे हात पुढं आलेले, मध्ये तीन-चारशे पावलांची वाळू. एका नजरेत सगळी मुलं मावतात. जेट-स्की नाही, केळ्याच्या आकाराची ती बोट नाही, वाळूवर गाड्या पळवणारे हौशी नाहीत. वारा कमी, लाटा कमी. मात्र 'आडोशाची' आणि 'धोक्याची नसलेली' या दोन गोष्टी मी एकच समजत होते, आणि ते एका बाईनं माझ्याकडून काढून घेतलं.

जानेवारी होता. जंजिऱ्याला रांग कमी निघाली आणि आम्हाला दीड तास मोकळा मिळाला. ड्रायव्हर म्हणाला, वाटेत एक छोटा बीच आहे, तिथं घेतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की पुढच्या महिन्यात तिथं पाच बस उभ्या राहतील. वाळूवर चार होड्या ओढून ठेवलेल्या, जाळी सुकत टाकलेली, पाणी ताटासारखं. मधल्या भागात थोड्याशा लाटा फुटत होत्या. उजव्या हाताला काळा कातळ समुद्रात गेला होता आणि त्याच्या कडेनं एक पट्टा अगदी गुळगुळीत होता, तिथं लाटच नव्हती. मी माझ्या अकलेनं मुलांना त्या पट्ट्याकडे उभं केलं. लाट नाही तिथं धोका नाही, असा साधा हिशेब.

कातळावरून एक बाई कालवं (कातळाला चिकटलेले शिंपले) काढून येत होती. टोपली कमरेवर, हातात लोखंडी टोचा. जवळ आली आणि ओरडली, "बाय, पोरांना थितून काढ. पानी फिरलाय." मला काही बोध होईना. पाणी फिरलं म्हणजे काय? तिनं माझ्याकडे पाहिलं. "कुठलं तुमी?" मी म्हटलं, औरंगाबाद. तेव्हा तेच नाव होतं. "मंग तुमाला कसा कलनार," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता, कीवच होती. मी शिट्टी मारली. मुलं कुरकुरत बाहेर आली. एकाची एक चप्पल पाण्यात राहिली होती, निळ्या पट्ट्याची. मी डोकी मोजायला लागले. मोजून होईपर्यंत ती चप्पल किनाऱ्याला लागली नव्हती. ती कातळाच्या कडेकडेनं, कुणी दोरीनं ओढावी तशी, बाहेर चालली होती. मोजणी दुसऱ्यांदा झाली तेव्हा ती ठिपक्याएवढी झाली होती आणि नंतर दिसेनाशी झाली. लाटा मात्र सगळा वेळ किनाऱ्याकडेच येत होत्या.

ती चप्पल मी पुढं वर्गात फळ्यावर कितीदा काढली असेल.

त्याचं शास्त्र असं. लाटा पाणी आणून किनाऱ्यावर टाकत राहतात. ते सगळं पाणी परत कुठून तरी जायला हवं. आपल्याकडे शेतात पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पण पाणी बाहेर पडतं ते बांध जिथं फुटलाय तिथूनच, आणि तिथं ते माती खरवडून नेतं. समुद्राचंही तसंच. वाळूच्या तळात एखादी सखल चिरी असते, नाहीतर कातळाची कड असते. परतीचं पाणी तिथं एकवटतं आणि बाहेर धावतं. त्या वाटेवर पाणी जास्त खोल असतं, शिवाय बाहेर जाणारं पाणी येणाऱ्या लाटेला मोडतं, म्हणून तिथं लाट फुटताना दिसत नाही. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये शांत, गडद पट्टा. आपल्याला पोहायला तीच जागा छान वाटते. किनाऱ्यावरची माणसं म्हणतात, 'तिथं ओढ आहे.' पुळण छोटी आणि दोन्हीकडे कातळ असला की ही ओढ बहुधा कोपऱ्यात कातळाला धरून असते. म्हणून छोट्या पुळणीवर मुलं मध्यभागी, कोपरे मोकळे.

ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. सेकंदाला दोन मीटरपर्यंत वेग जाऊ शकतो, क्वचित त्याहून जास्त. ऑलिम्पिकमधला शंभर मीटरचा पोहणाराही जेमतेम तेवढ्या वेगानं पोहतो. त्यामुळे सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारतो आणि दमून बुडतो. विहिरीत पट्टीचा पोहणारा मुलगा आधी सापडतो, कारण पुढं तोच जातो. त्यानं काय करायचं? भांडायचं नाही. उताणं तरंगायचं, एक हात वर करून हलवायचा, श्वास सांभाळायचा. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं जायचं, ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडेपर्यंत. ती वाट अरुंद असते. मग लाटाच परत आणतात. पोहता न येणाऱ्या मुलाला यातलं काही सांगून उपयोग नाही, आणि आपल्या बसमध्ये बहुतेक मुलं तीच असतात. त्यांच्यासाठी एकच माप: गुडघा. तोही सहलीतल्या सगळ्यात बुटक्या मुलाचा. लाट आली की गुडघ्याचं पाणी कमरेला लागतं, आणि परत जाताना टाचेखालची वाळू उकरून नेते. 'पायाखालची वाळू सरकणे' हा वाक्प्रचार आपण वर्षानुवर्षं वाक्यात उपयोग करा म्हणून देतो. मुलांना तो तिथं पहिल्यांदा कळतो.

आता त्या बाईचं 'पानी फिरलाय'. ती भरती-ओहोटीबद्दल बोलत होती: पाण्याची दिशा बदलली होती. ओहोटीला तिकडे सुकतीही म्हणतात. हे सगळं सातवीच्या भूगोलात आहे. चंद्राचं आकर्षण, उधाणाची भरती, भांगाची भरती, आकृतीसह चार गुण. मी तो पाठ वर्षानुवर्षं शिकवला होता आणि समुद्रासमोर उभी राहिले तेव्हा मला पाणी येतंय की जातंय हे सांगता आलं नाही. याची लाज मला आजही आहे, म्हणून पुढचं जरा सविस्तर लिहिते.

कोकणात एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन: दुपारी तीनला भरती, आणि पहाटेही तीनच्या सुमारास. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी. दोन भरत्यांत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे रोजची वेळ पन्नास मिनिटांच्या आसपास पुढं सरकते, आणि तिथीचा हिशेब बसतो तो त्यामुळे. आडाखा आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात आणि हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती केंद्राकडे मिळते. मोठ्या लाटांचा इशारा असेल तर तोही 'इन्कॉइस'च देतं. पण आडाख्याची गंमत अशी की त्याला लागणारं साधन आपल्या प्रत्येक मुलाच्या घरी स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं आहे. संकष्टीचा चंद्रोदय बघायला आई ज्या दिनदर्शिकेकडे जाते, तीच. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या घरातही मुरूडची भरती लिहिलेली असते, आपण वाचत नाही.

पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण: पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. मुंबई-अलिबागकडे हा फरक पाच मीटरच्या घरात जातो, खाली मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास. अष्टमीच्या सुमाराला भांग: चढ-उतार कमी. मग भांगाच्या दिवशी न्यावी का सहल? इथं मी तुम्हाला थांबवते. १ फेब्रुवारी २०१६ ची तिथी काढून पाहा. पौष वद्य अष्टमी. उधाण नव्हतं. आडाख्यानं त्या दिवशी दुपारी बाराला ओहोटी आणि संध्याकाळी सहाला भरती. अपघात दुपारचा, म्हणजे पाणी भरत असतानाचा. तेव्हा तिथी बघायची ती 'शुभ दिवस' काढायला नव्हे. आपण उतरू त्या तासाला पाणी कुठल्या दिशेला असेल, ते कळण्यासाठी. भरती आणि ओहोटी यांचे धोके वेगवेगळे आहेत. पाणी भरत असताना मागची वाट बुडते. मुलं पुढच्या कातळावर शिंपले वेचत असतात आणि त्यांच्या पाठीमागची वाळू गेलेली असते. पाणी उतरत असताना खाडीच्या तोंडाशी बाहेरची ओढ जोरात असते. पुळणीच्या एका टोकाला ओढा किंवा खाडी मिळत असेल, तर ते टोक मुलांसाठी नाहीच, तिथं पाणी कितीही उथळ दिसो.

याचं सगळ्यात सोपं प्रात्यक्षिक अलिबागला आहे. कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी बांधायला घेतलेला, पुढं आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं झालेला, आत गोड्या पाण्याची विहीर. ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला त्याचं बेट होतं. मी दोन सहलींना तिथं पोचले आणि दोन्ही वेळा मुलांनी तो काठावरूनच पाहिला, कारण आमची बस आमच्या वेळेनं आली होती. तिसऱ्या वेळी आधी तिथी पाहिली. वद्य चतुर्थी होती, ओहोटी सकाळी नऊला. आम्ही आठला वाळूवर होतो आणि साडेनऊला किल्ल्यातून परत निघालो. एक मुलगी येताना सारखी मागे वळून बघत होती. किनाऱ्यावर पोचल्यावर ती म्हणाली, "बाई, आपण चाललो ती वाट आता कमी झाली." इतकी वर्षं शिकवलेल्या त्या आकृतीचं सार एवढंच होतं. भांगाच्या दिवसांत मात्र ओहोटीलाही पुरती वाट सुटेलच असं नाही, हे लक्षात ठेवा.

तर माझी विनंती ही. सहलीचं वेळापत्रक आपण गाडीच्या वेळेवर लावतो. जंजिरा कधी आटपेल, जेवण कुठं, सूर्यास्त कुठं. आणि मधली जी फट उरेल ती समुद्राला. हे उलटं करा. आधी तिथी, मग भरती-ओहोटी, मग पुळणीची वेळ, आणि बाकीची ठिकाणं तिच्या आगेमागे बसवा. संमतीपत्रावर पालकांची सही घेता, त्याच कागदावर एक ओळ वाढवा: त्या दिवशीची तिथी, भरतीची वेळ, ओहोटीची वेळ. ती ओळ तुम्ही भरू नका. मुलांना घरच्या दिनदर्शिकेवरून काढून आणायला सांगा. दोन मुलांची उत्तरं जुळली नाहीत तर उत्तमच. एक तास त्यावर जाईल, आणि बसमध्ये बसण्याआधी साठ जणांना ठाऊक असेल की आपण पोचू तेव्हा पाणी चढतं असेल की उतरतं.

पुळणीवर पोचल्यावर बसचं दार लगेच उघडू नका. ही सगळ्यात अवघड सूचना आहे, मला माहीत आहे. आधी तुम्ही एकट्या उतरा. गावातल्या माणसाला विचारा, पण कुणाला विचारता ते बघा. घोडेवाला, राइडवाला आणि भेळवाला 'काही नाही होत मॅडम' म्हणेल, त्याच्या धंद्याची वेळ आहे. जाळं विणत बसलेल्याला विचारा, कालवं काढणारीला विचारा. 'इथं पोहता येतं का' असं विचारू नका. 'पाणी भरतंय की सुकतंय, आणि ओढ कुठं आहे' असं विचारा. प्रश्न बरोबर असला की माणूस हातातलं काम ठेवून उठतो आणि बोट दाखवतो. कुणीच नसेल तर ती पुळण कितीही सुंदर असो, पाय ओले करायला ती आपली नाही. मग पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभं राहा. नारळाचं सोडण किंवा वाळकी फांदी पाण्यात टाका आणि ती कुठं जाते ते बघा. ती परत आली म्हणजे निर्धोक असा दाखला मिळत नाही, पण बाहेर चालली तर तेवढं पुरे आहे. तांबडा झेंडा असेल तर चर्चाच नको. तांबडा-पिवळा झेंडा म्हणजे त्या दोन झेंड्यांच्या मध्ये जीवरक्षकाची नजर आहे. गोव्यात २००८ पासून ही व्यवस्था किनाऱ्या-किनाऱ्यावर आहे. आपल्याकडे काही ठिकाणी जीवरक्षक असतात, छोट्या पुळणीवर बहुधा नसतात.

मग दहा-दहाची तुकडी, एक तुकडी पाण्यात, बाकीच्या वाळूवर. सगळ्यांना एकदम सोडायचं नाही, हे मुलांना बसमध्येच सांगा, म्हणजे वाळूवर रडारड होत नाही. प्रत्येकाला जोडीदार. जोडीदार दिसला नाही तर लगेच ओरडायचं, बाईंना शोधत बसायचं नाही. एक शिक्षक पाण्यात, मुलांच्या पुढं, समुद्राकडे पाठ न करता. काठावरच्या शिक्षकानं फोटो काढायचे नाहीत. हे मी माझ्या त्या फोटोकडे बघून लिहिते आहे. ओढण्या, जीन्स, स्वेटर बसमध्ये. भिजलेला कपडा पायात येतो. पाय उचलून टाकू नका, वाळूत घासत चाला, म्हणजे तळाशी बसलेला पाकट मासा पायाखाली येण्याआधी निघून जातो.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनात पक्की बसवा: बुडणारा माणूस ओरडत नाही. सिनेमात ओरडतो. खरं तर त्याचं तोंड पाण्याच्या वर येतं ते श्वासापुरतं, हाक मारायला हवाच उरत नाही. शांत झालेल्या मुलाकडे आधी बघा. तो दिसला तर मागून उडी मारायची नाही, तुम्हीही नाही. एकामागे दुसरा गेल्यानं आकडे वाढतात. झाकण लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन दोराला बांधून फेका. असे चार कॅन बसच्या टपावर नेले तर ड्रायव्हर हसेल, हसू दे. बाहेर काढलेल्या मुलाला उलटं टांगायचं नाही, गरगर फिरवायचं नाही, पोट दाबून पाणी काढायचं नाही. आपल्याकडे अजून करतात, म्हणून लिहिते. श्वास नसेल तर तोंडानं श्वास देणं आणि छाती दाबणं ताबडतोब सुरू करायचं. ते सहलीआधी तुमच्यापैकी दोघांनी एखाद्या डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या, कागदावरून येत नाही. क्रमांक: ११२, रुग्णवाहिकेला १०८, तटरक्षक दलाला १५५४. मोबाइलला रेंज कुठं येते हेही बसमधून उतरतानाच बघून ठेवायचं. डोंगराच्या कुशीतल्या पुळणीवर ती बऱ्याचदा नसते.

पालक म्हणतील, एवढं सगळं करायचं तर सहल कशाला, जा वेरूळला. एका पालकानं मला तसं म्हटलं होतं. मी त्यांना विचारलं, तुमचा मुलगा उद्या नोकरीला मुंबईला जाईल, मित्रांबरोबर रविवारी अलिबागला जाईल. तेव्हा त्याच्याबरोबर कोण असेल? त्यांनी सही केली. शुल्क मात्र उशिरा दिलं.

त्या कालवंवाल्या बाईला मी पुढच्या वर्षी शोधलं. त्याच पुळणीवर, त्याच महिन्यात. मात्र या वेळी तिथी बघून गेले होते. ती नव्हती, तिची सून होती. मी मुलांना मधल्या वाळूत उभं केलं, कातळापासून लांब, आणि तिला विचारलं, "सुकती लागली ना?" तिनं पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी कुठलं?" मी सांगितलं. "मंग तुमाला कसा कलला?"

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
छत्रपती संभाजीनगर

ता. क. कॅनला बांधायला दोर हवा म्हणून शाळेचा रस्सीखेचीचा दोर नेणार असाल, तर तसं करू नका. तो जड असतो, लांब फेकता येत नाही. बाजारातून वीस-पंचवीस मीटरचा हलका नायलॉनचा दोर घ्या. मी तो रस्सीखेचीचा नेला होता, क्रीडाशिक्षकांना न विचारता, आणि खाऱ्या पाण्यात भिजवून परत आणला. क्रीडा महोत्सव पुढच्या आठवड्यात होता. ते सर अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.